गोशे आजार: औषध आहे, पण जन्मभराचे

पेशीतील टाकाऊ द्रव्यांचे विघटन लायसोसोममध्ये होते. तेथील ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे विकर आनुवंशिक दोषामुळे अपुरे पडले, की स्निग्ध द्रव्य साचत जाते. प्लीहा व यकृत वाढते, हाडे ठिसूळ होतात. हाच गोशे आजार. १९९१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले विकर-औषध प्रसूतीनंतरच्या वारेतून काढले जाई; आता ते पेशीसंवर्धनातून तयार होते. मज्जासंस्थेला ग्रासणाऱ्या प्रकारांतील मेंदूच्या लक्षणांवर मात्र ते निष्प्रभ ठरते, कारण ते मेंदूत शिरत नाही. त्यासाठी जनुकोपचारांवर संशोधन सुरू आहे. हे औषध साधारणतः दर पंधरवड्याला शिरेवाटे, जन्मभर द्यावे लागते. मात्रा वजनावर ठरत असल्याने मूल सुधारून वाढू लागले, की खर्चही वाढतो. केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणातील साहाय्याची मर्यादा २०२२ मध्ये वाढवली गेली, तीही प्रतिरुग्ण ५० लाख रुपयांपर्यंतच.