बिऱ्हाड पाठीवर घेऊन व्यापार

धाराशिव तालुक्यातील तेर हे आज तेरणेकाठचे एक गाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवृत्तात त्याचा 'तगर' म्हणून उल्लेख येतो. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरातून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून, बिकट वाटांनी भडोचच्या बंदरास जात असे, अशी ती नोंद आहे. तेथून कापड समुद्रापार जाई; विणकराचे बिऱ्हाड मात्र तेरणेकाठीच राही.

याचे स्मरण होण्यास कारण घडले ते असे. गेल्या पंधरवड्यात कळंब तालुक्यातील माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. वाणिज्य शाखेचा पदवीधर. किराणा-मसाल्याचे दुकान आठ वर्षे नीट चालविलेले. शिवाय वडिलोपार्जित साडेचार एकर. म्हणाला, "सर, सगळं विकून दुबईला दुकान टाकायचं म्हणतोय. बायको-मुलांना बरोबरच नेणार. मेहुणा म्हणतो, आता अरब भागीदार लागत नाही."

मेहुण्याचे म्हणणे खोटे नव्हते. दुबईत मुक्त क्षेत्राबाहेर दुकान काढावयाचे तर ५१ टक्के भाग स्थानिक नागरिकाच्या नावे ठेवण्याची जी अट होती, ती २०२१ मध्ये बहुतेक व्यवसायांपुरती उठली. खात्यात पैसे नसल्याने चेक परत गेल्यास होणारी फौजदारीही २०२२ च्या आरंभापासून पुष्कळशी आटोक्यात आली आहे. दार पूर्वीपेक्षा रुंद झाले, यात शंका नाही. माझी शंका दाराविषयी नव्हतीच. ते ओलांडताना पाठीवर काय काय घ्यावयाचे, याविषयी होती.

येथे दुकान बुडाले तर दुकान बुडते. राहते घर, मुलांची शाळा, शेजारी, उधारी देणारा अडत्या ही सर्व जागच्या जागी राहतात. तेथे मात्र दुकानाच्या परवान्यावर मालकाचा राहण्याचा परवाना अवलंबून, मालकाच्या परवान्यावर पत्नीचा व मुलांचा, आणि त्यावर शाळा व भाड्याचे घर. सगळी माळ एकाच दोऱ्यात ओवलेली. व्यापाऱ्याचे नुकसान त्याने घातलेल्या भांडवलापुरते मर्यादित राहावे, म्हणून मर्यादित जबाबदारीची कंपनी ही कल्पना कायद्याने रूढ केली. आणि बिऱ्हाडासह जाणारा दुकानदार ते संरक्षण आपल्या हाताने टाकून देतो. दुकानाचा तोटा म्हणजे कुटुंबाची हकालपट्टी, असा तो हिशेब होतो.

शिवाय त्याच्या वहीत एक रकमेची नोंदच नव्हती. येथे दुपारी गल्ल्यावर त्याची पत्नी बसते. त्या श्रमाचा पगार कोणी मांडत नाही, म्हणून नफा आहे त्याहून मोठा दिसतो. तेथे नवऱ्याच्या आधाराने राहणाऱ्या पत्नीस काम करावयाचे तर कामाचा निराळा परवाना काढावा लागतो. दुकानाचे भाडेही वर्षभराचे, पुढील तारखांचे चेक आगाऊ लिहून देण्याची तेथील वहिवाट आहे. गिऱ्हाईक मात्र पुढील तारखेचे मिळत नाही!

जमिनीविषयी तर तो पूर्ण अनभिज्ञ होता. परदेशस्थ भारतीयास येथे घर किंवा गाळा विकत घेता येतो, शेतजमीन घेता येत नाही. पूर्वीची असलेली ठेवता मात्र येते. परत येऊन घेईन म्हणावे, तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्यास शासकीय परवानगीवाचून सहसा शेतजमीन घेता येत नाही, आणि सगळे रान विकून बसलेल्याने आपण शेतकरी असल्याचा पुरावा आणावा कोठून? मुलांचेही तसेच. वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी व बारावी महाराष्ट्रात झालेली असावी लागते. थोरली आता सातवीत आहे.

राज्यकर्त्यांची मर्जी हा तर निराळाच विषय. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडण्यास ९० दिवस दिले. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी केलेले गुजराती होते, गोवेकरही होते. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले, तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. नोकरदाराचे कसब त्याच्याबरोबर विमानात बसते. दुकानदाराची फळ्यांवरची आणि उधारीत अडकलेली पुंजी बसत नाही. असे नित्य घडते असे नव्हे. पण ज्याची सर्व पुंजी एकाच ठिकाणी आहे, त्याला एकदा घडलेलेही पुरते.

मग कोणी जाऊच नये काय? तसे मी म्हणणार नाही. दुबईतील 'अल अदील' ही मसाल्यांची पेढी मराठी माणसाचीच आहे. परंतु तेथेही वडील महादेव दातार आधी गेलेले होते. १९८४ मध्ये लहानसे दुकान निघाले आणि मुलगा धनंजय त्यांच्या हाताखाली उभा राहिला. आपल्या जिल्ह्यातून उचल घेऊन ऊसतोडीस जाणारे जोडपेदेखील, घरी म्हातारी धडधाकट असेल तर शाळकरी पोराला तिच्यापाशी ठेवून जाते. कोयत्यावर पोट असणाऱ्यास जे कळते, ते वाणिज्याच्या पदवीधरास शिकवावे लागावे, यात आम्हा शिक्षकांचाही दोष असेल.

मी त्याला सुचविले ते एवढेच : जमीन विकू नकोस, बटाईने दे. आधी मसाला पाठव, मग स्वतः जा. वर्षभर दुसऱ्याच्या दुकानात काम कर. दोन वर्षे दुकान स्वतःच्या पायावर उभे राहिले, तर मग बिऱ्हाडाचे बघ.

त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. उठताना म्हणाला, "पण सर, ती म्हणते, एकट्यानं जायचं असेल तर जाऊच नका. तिच्या बहिणीचा नवरा सहा वर्षं एकटाच तिकडं आहे. पोरं त्याला फोनवरच ओळखतात."

हा खर्च माझ्याही हिशेबात नव्हता. येत्या रविवारी दोघांनीही या, असे मी त्याला सांगितले आहे.