मोबाईल स्टार्टर आणि विहिरीवरील मोटर

बागायती पिकास पाणी केव्हा द्यावयाचे, हे वास्तविक पिकाची गरज व जमिनीतील ओल पाहून ठरावयास हवे. विजेच्या मोटरीवर अवलंबून असणाऱ्या शेतकऱ्यास मात्र ते विजेच्या वेळेप्रमाणे ठरवावे लागते. राज्याच्या पुष्कळ भागांत शेतीपंपांना तीन फेजची वीज पाळीपाळीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, अशी मिळत आली आहे. सन 2017 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची वीज जेथे पोहोचली तेथे दिवसा पाणी देणे शक्य झाले. इतरत्र रात्रीची फेरी चुकलेली नाही. जुन्नर-आंबेगावकडील उसाच्या पट्ट्यात तर या फेरीत सापाविंचवाबरोबर बिबट्याचेही भय असते. एवढे करून विहिरीवर पोहोचावे तो वीज गेलेली असावी, हाही नित्याचाच अनुभव.

मोठ्या कारखान्यांतून दूरच्या यंत्रावर एका जागी बसून देखरेख ठेवण्याची पद्धत जुनी आहे. तीच सोय मोबाईलमुळे विहिरीपर्यंत आली. पुण्याचे अभियंता श्री. संतोष ओस्तवाल यांनी तयार केलेले 'नॅनो गणेश' हे या प्रकारचे एक परिचित साधन होय. आता इतरही अनेक बनावटींचे मोबाईल स्टार्टर बाजारात मिळतात. यात मूळ स्टार्टरला जोडलेली एक पेटी असते व तीत सिमकार्ड बसविलेले असते. ठरावीक क्रमांकावरून फोन किंवा संदेश गेला म्हणजे पेटीतील रिले स्टार्टरचे हिरवे अथवा तांबडे बटण दाबल्याचे काम करतो. वीज आली, गेली किंवा एखादा फेज तुटला तर चांगल्या बनावटीची पेटी तसे कळविते. विहिरीचे पाणी खाली गेले की मोटर कमी अँपिअर घेते. ते ओळखून काही पेट्या मोटर आपोआप बंद करतात.

मोटर घरबसल्या चालू होते याचेच पुष्कळांना कौतुक वाटते. आमच्या मते ती वेळेवर बंद करता येणे हा अधिक मोठा लाभ होय. साधा हिशेब पाहावा. 5 अश्वशक्तीचा पंप 30 मीटर उंचीवर तासाला सुमारे 20,000 लिटर पाणी चढवितो. एक एकरास 5 सेंटिमीटरची पाळी द्यावयाची तर सुमारे 2 लाख लिटर, म्हणजे 10 तासांचे पाणी लागते. झोप लागून मोटर आणखी 2 तास चालली, तर 40,000 लिटर पाणी मुळांच्या खाली जाते आणि त्याबरोबर खतही वाहून जाते.

रात्रीचा त्रास टाळण्यासाठी अनेकांनी ऑटो स्विच बसविले आहेत. वीज येताच मोटर आपोआप सुरू होते, परंतु ती सर्वांचीच एकदम सुरू होते. 5 अश्वशक्तीची मोटर चालताना सुमारे 7.5 अँपिअर घेते. थेट सुरू होताना मात्र काही क्षण त्याच्या सहापट. 63 केव्हीएच्या रोहित्राची क्षमता सुमारे 87 अँपिअर असते. अशा 10 मोटरी चालत असल्या तर भार 75 अँपिअर होतो व रोहित्र तो पेलते. त्याच एका क्षणी सुरू झाल्या तर मागणी 450 अँपिअरवर जाते. असा ताण वारंवार बसला की रोहित्र जळते आणि ते बदलून मिळेपर्यंत उभी पिके वाळतात. मोबाईल स्टार्टरवर मोटर कोणी केव्हा सुरू करावी हे ठरविता येते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका रोहित्रावरील शेतकऱ्यांस एकत्र बसवून, वीज आल्यावर काही मिनिटांच्या अंतराने मोटरी सुरू करण्याचा क्रम ठरवून द्यावा. ऑटो स्विच त्याच बैठकीत काढावयास लावावेत.

या साधनाने दारे धरण्याचे काम मात्र होत नाही. पाट फुटला किंवा एकाच वाफ्यात पाणी तुंबले, तरी फोनवर मोटर चालू असल्याचेच कळेल. म्हणून ठिबक संचावर किंवा शेततळे भरण्यास ते उत्तम. मोकळ्या पाटाने पाणी देणाराने शेतातील माणसास सुट्टी देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही मोटर कोणत्याही क्षणी, कोठूनही सुरू होऊ शकते. धनी विहिरीत उतरून पाइप सोडवीत आहे आणि घरी मुलाने सहज फोन लावला, एवढ्यावर जीव जाईल. यास्तव मोटर, वायर अथवा स्टार्टर यांस हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडावा, तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत व काम संपून सर्वजण वर आल्याखेरीज ते परत बसवू नयेत. केवळ फोनवरून मोटर बंद केली, एवढ्यावर विसंबू नये. पेटीस व मोटरीस अर्थिंग असावेच. पेटीत घरच्या दोन-तीन क्रमांकांचीच नोंद करावी आणि पेटीसोबत आलेला सांकेतिक अंक पहिल्याच दिवशी बदलावा. अन्यथा ज्याला तो ठाऊक आहे, त्याच्या हाती आपली मोटर राहते.

खरेदीपूर्वी दोन निरनिराळ्या कंपन्यांचे फोन विहिरीवर नेऊन कोणाची रेंज टिकते ते सकाळ-संध्याकाळ पाहावे. जुन्या पेट्या बहुधा टू-जीवर चालतात. त्यांत केवळ फोर-जी सेवा देणाऱ्या कंपनीचे सिम चालत नाही. लोखंडी पेटीच्या आत रेंज येत नसल्यास अँटेना बाहेर काढून घ्यावा. सिमच्या रिचार्जची तारीख पेटीच्या दारावर खडूने लिहून ठेवावी.