‘गो-अराउंड’ म्हणण्याची हिंमत

वाशीम जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. कारंजा तालुक्यातल्या धनजच्या माणसाला विमान पकडायचं तर परवापरवापर्यंत नागपूरची वाट धरावी लागे. १६ एप्रिल २०२५ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं एटीआर विमान सुरू झालं आणि विमान शेजारच्या जिल्ह्यात आलं. बेलोऱ्यालाच एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी करायचं ठरलं असून वर्षाला १८० वैमानिक घडवण्याचा बेत आहे. गोंदियाजवळच्या बिरसीला तर हे शिक्षण कधीचंच चालू आहे. वऱ्हाडातल्या बारावी सायन्सच्या पोरांपुढे आता ही वाटही आहे. फीचा आकडा आईबाप विचारतीलच. हा पेशा माणसाकडून नेमकं काय मागतो, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

आपल्याकडे या पेशाने पहिलं नाव कमावलं ते वक्तशीरपणात. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, मग बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. रेडिओची सोबत नाही, हवामानाचा धड अंदाज नाही. तरीही पहिलं वर्षभर टपाल वेळेवर पोचत राहिलं आणि सरकारच्या विमानखात्याने त्याची तोंडभरून तारीफ केली. पुढे एअर इंडियाचे अध्यक्ष असताना जेआरडी विमानातल्या चहाच्या रंगाबद्दलही टिपणं पाठवत. हे सगळं अभिमानाचंच. पण त्यातून चांगला वैमानिक म्हणजे काहीही झालं तरी वेळेवर पोचवणारा, अशी एक समजूत मुरली. जेटच्या कॉकपिटमध्ये ती जिवावर बेतू शकते.

विमान जमिनीपासून हजारेक फुटांवर आलं की कॉकपिटमध्ये हिशेब मांडला जातो. वेग ठरल्याइतका आहे का, खाली येण्याचा दर मर्यादेत आहे का, चाकं आणि फ्लॅप बाहेर आले का, चेकलिस्ट पुरी झाली का. दोघांतला एक विमान हाताळत असतो, दुसरा आकड्यांवर नजर ठेवून असतो. यातलं काही बसत नसेल तर उतरायचं नाही. इंजिनांना जोर द्यायचा आणि पुन्हा वर जायचं. हाच गो-अराउंड. इंधन जळतं, उशीर होतो, मागे बसलेल्यांच्या पोटात गोळा येतो. कोणी टाळ्या वाजवत नाही, उलट खाली उतरल्यावर ‘पायलट नवशिका दिसतो’ असा शेरा ऐकू येतो. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासाप्रमाणे, अशी घडी विस्कटलेली असताना प्रत्यक्षात गो-अराउंड करणारे जेमतेम ३ टक्के निघतात. बाकीचे उतरतात, आणि बहुतेक वेळा निभावतंही. निभावतं म्हणूनच सवय लागते.

७ ऑगस्ट २०२०च्या संध्याकाळी कोझिकोडला निभावलं नाही. कोविडकाळात परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेत दुबईहून निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७, आत १९० माणसं, बाहेर धो धो पाऊस. कॅप्टन दीपक साठे नागपूरच्या लष्करी घरातले, एनडीएचे, हवाई दलाच्या अकादमीत मानाची तलवार पटकावलेले, नंतर चाचणी वैमानिक. पहिल्या प्रयत्नात त्यांनी विमान पुन्हा वर नेलं. त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्यांदा धावपट्टीच्या उलट टोकाकडून, पाठीवर वारा घेऊन विमान आलं आणि ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फूट पुढे टेकलं. टेबलटॉप, म्हणजे पठाराच्या माथ्यावरची, धावपट्टी संपली, विमान दरीत गेलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले.

तेव्हा वर्तमानपत्रांनी साठे यांना वीर म्हटलं. वर्षभराने, सप्टेंबर २०२१मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने विमान हाताळताना ठरलेली पद्धत पाळली गेली नाही, हे संभाव्य कारण सांगितलं. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटलं होतं, ते मानलं गेलं नाही, आणि त्याने स्वतः विमानाचा ताबाही घेतला नाही. अनुभवाने एवढ्या मोठ्या माणसाच्या हातातून विमान काढून घ्यायचं, हे आपल्या घरांत वाढलेल्या तरुणाला किती जड जात असेल! पण वाचण्यासारखी गोष्ट अहवालात पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाणही याच कॅप्टनांच्या नावावर होतं, आणि कोझिकोडच्या तळावर कॅप्टनांची टंचाई होती. विमान दुसरीकडे वळवलं असतं तर ते उड्डाण अडलं असतं. चूक कॉकपिटमध्ये झाली हे खरं. तिची मांडामांड मात्र रोस्टर बनवणाऱ्यांच्या टेबलावरही झाली होती.

वैमानिक उडण्याजोग्या अवस्थेत आहे का, हेही तितकंच महत्त्वाचं. दारूबाबत आपले नियम कडक आहेत: उड्डाणाआधी बारा तास थेंब नाही, श्वासचाचणीत शून्यच हवं, पहिल्यांदा सापडला तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचा रद्द. नशा यंत्राला लगेच कळते. झोप अपुरी आहे की नाही हे सांगणारं यंत्र मात्र नाही.

१७ ऑगस्ट २०२३ला नागपूर विमानतळावर एक कॅप्टन पुण्याच्या उड्डाणाआधी बोर्डिंग गेटजवळ कोसळले आणि दगावले. आदल्या दिवशी पहाटे दोन उड्डाणं, मग २७ तासांची विश्रांती. कागदावर सगळं नियमात होतं. त्या मृत्यूचं खापर थकव्यावर फोडणं बरोबर नाही, पण वैमानिकांच्या थकव्याची चर्चा मात्र पेटली. जानेवारी २०२४मध्ये नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) नवे नियम काढले: आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीच्या कामात सहाऐवजी दोनच लँडिंग. कंपन्यांनी कुरकुर केली, वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि नियम लागू झाले २०२५च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये, दोन हप्त्यांत.

डिसेंबर उजाडला आणि इंडिगोची गणितं कोलमडली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले. तयारीला दोन वर्षांच्या आसपास मिळूनही वैमानिक पुरेसे नव्हते. सरकारने त्याच दिवशी त्या कंपनीला रात्रीच्या कामाच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सवलत दिली. प्रवासी खोळंबले होते, दुसरा मार्ग नव्हता, असं म्हणता येईल. तरी विश्रांतीचा नियम पाळायची वेळ येताच विश्रांतीच पुढे ढकलावी लागली, हे खटकतंच. त्याच २०२४च्या नियमांत आणखी एक कलम आहे, त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही: ‘मी थकलोय’ असं कळवणाऱ्या वैमानिकाचं नाव कंपनीने गुप्त ठेवायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि अशा तक्रारींवर काय केलं ते दर तीन महिन्यांनी डीजीसीएला लिहून द्यायचं.