बोल्ट टिकतो ताणावर

चिंचपोकळी-लालबागच्या चाळींत एकेकाळी घरोघरी गिरणीकामगार होते. लूमखात्यातल्या फिटरचा हात पान्यावर बसलेला असे, आणि त्या हाताबद्दलचा विश्वास अजून टिकून आहे. साने गुरुजी मार्गावर कुणाची बुलेट खडखडू लागली, की सल्ले येतात : अजून आवळ, स्प्रिंग वायसर टाक, आट्यांना तेल लाव. सल्ले आपुलकीचेच, पण इंजिन चॅसिसला धरून ठेवणाऱ्या फाउंडेशन बोल्टसाठी तिन्ही धोक्याचे आहेत.

आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि पुन्हा आखडू पाहतो. त्या ओढीने मधले भाग एकमेकांवर दाबले जातात. 8 मिलिमीटरचा, डोक्यावर 8.8 कोरलेला पोलादी बोल्ट पोलादी नटात कोरडा बसवला, तर त्याला साधारण 25 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकाशी 10 किलोचा जोर. तेवढ्यावर सुमारे दीड टन दाब तयार होतो! हा दाब आहे तोवर भाग सरकत नाहीत, आणि ते सरकत नाहीत तोवर नट फिरत नाही.

मग जास्त आवळला तर जास्त पक्का? नाही. मर्यादेपलीकडे ताणलेला बोल्ट कायमचा लांबतो, त्याची ओढ मग फारशी वाढत नाही. ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये तर आटेच उखडून हातात येतात. तेलाचंही तसंच. पान्याच्या जोरापैकी जवळजवळ 90 टक्के घर्षणात जातो. तेल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच जोरात बोल्ट भलताच ताणला जातो. कंपनीने सांगितलं असेल तिथेच तेल लावावं.

स्प्रिंग वायसरवरची श्रद्धा सर्वांत जुनी. 1969 साली गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने दाखवून दिलं, की नट सुटतो तो मुख्यतः भाग आडवे सरकल्यामुळे. त्याच्या पद्धतीच्या चाचण्यांत स्प्रिंग वायसर नट रोखू शकत नाही. कारण सोपं आहे : दीड टनाच्या कितीतरी आधी तो चपटा होतो, आणि मग साध्या वायसरपेक्षा वेगळं काही करत नाही.

त्याऐवजी नायलॉनचं कडं असलेला नायलॉक नट चांगला, पण त्यातलं नायलॉन साधारण 120 अंशांपर्यंतच टिकतं. सायलेन्सरच्या तोंडाशी तो नको. आट्यांना लावायचं थ्रेडलॉकर हवेशी संपर्क तुटल्यावर आणि धातूचा स्पर्श झाल्यावर घट्ट होतं, म्हणून आटे आधी तेलमुक्त हवेत. निळं घ्यावं, ते साध्या पान्याने सुटतं. लाल सोडवायला सुमारे 250 अंश तापवावं लागतं. आणि थ्रेडलॉकर लावलेला बोल्ट "बघू जरा" म्हणून दर आठवड्याला आवळू नका. बोल्ट हलला की पकड मोडते.

जुन्या बुलेटच्या एकाच सिलिंडरचा हादरा सावरायला बॅलन्सर नव्हता; त्याच कंपनीच्या 2021 च्या क्लासिक 350 मध्ये तो आहे. म्हणून जुनी गाडी असेल तर एवढं कराच : इंजिन थंड असताना, गाडीच्या पुस्तकातला आकडा बघून टॉर्क पान्याने बोल्ट बसवा, आणि नटावरून ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. सकाळी किक मारण्याआधी ती रेघ तुटलेली दिसली, तर गाडी बाहेर काढू नका.