फोन वाजला नाही, तरीही झोप मोडते

‘डॉक्टर, काल रात्री फोन एकदाही वाजला नाही. तरी सकाळी उठलो तर रात्रभर जागाच होतो असं वाटत होतं.’

समोर बसलेला तरुण हिंजवडीतल्या एका मोठ्या टेक कंपनीत इंजिनिअर. वय ३४. रक्तदाब १४८/९६. आठवड्यापूर्वी दुचाकीवरून कामाला जाताना त्याला डुलकी लागली आणि तो पुढच्या रिक्षावर आदळला. खरचटण्यावर निभावलं, पण तेव्हापासून बायकोने दवाखान्यात जाण्याचा धोशा लावला होता.

काम काय करता विचारलं, तर ‘ऑन-कॉल’ हा शब्द आला. जगभर वापरली जाणारी एखादी सेवा रात्री अडखळली, की ज्याची पाळी असेल त्याच्या मोबाइलवर अलार्म वाजतो. पाच-दहा मिनिटांत लॅपटॉप उघडून कामाला लागायचं. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात दुपारचे दोन वाजतात, तेव्हा पुण्यात मध्यरात्रीनंतरचे अडीच झालेले असतात. या कंपन्यांची कॅन्टीन, जिम, बीनबॅग सगळ्यांना ठाऊक असतात. उशाशी ठेवलेला फोन फक्त घरच्यांना ठाऊक असतो.

पण न वाजलेल्या फोनने झोप कशी मोडेल? याचं उत्तर जहाजावर सापडतं. अनेक मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये रात्री कोणी नसतं. पाळीवरचा इंजिनिअर आपल्या केबिनमध्ये झोपतो आणि बिघाड झाला की घंटा वाजते. स्वीडनमधल्या संशोधकांनी अशा इंजिनिअरांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी झोपेत नोंदवल्या. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाळीच्या रात्री झोप कमी भरली, गाढ झोपेचा वाटा घटला आणि हृदयाचे ठोके वाढलेले दिसले. यातले बदल पहिली घंटा वाजण्याआधीच दिसू लागले होते. ‘उठावं लागेल’ ही धास्तीच पुरेशी होती. लहान बाळ शेजारी असलेल्या आईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

फोन खरोखर वाजला तर पुढचा त्रास सुरू होतो. गाढ झोपेतून दचकून उठल्यावर शरीर उभं राहतं, मेंदू मात्र मागे राहतो. तो पूर्ण ताळ्यावर यायला अर्धा तासही लागू शकतो, आणि नेमक्या त्याच अर्ध्या तासात लाखो लोकांवर परिणाम करणारी आज्ञा टाइप करायची असते. आम्ही डॉक्टर मंडळींनी यावर फार बोलू नये. रेसिडेन्सीत आम्हीही अशाच अवस्थेत औषधांचे डोस लिहिलेत आणि त्याचा वर अभिमानही मिरवलाय.

टेक कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. गुगलच्या इंजिनिअरांनी २०१६ साली आपल्या कामाच्या पद्धतीवर एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात ऑन-कॉलची मर्यादा लिहिली आहे. एकूण वेळेच्या चतुर्थांशाहून जास्त पाळी नको आणि १२ तासांच्या पाळीत दोनहून जास्त घटना नकोत, कारण एकेका घटनेचा पूर्ण निपटारा करायला सरासरी सहा तास जातात. एकाच ठिकाणच्या टीममध्ये यासाठी किमान आठ माणसं हवीत. टीम दोन खंडांत विभागली तर रात्रपाळीच टळते, कारण एकाची रात्र हा दुसऱ्याचा दिवस असतो.

माझ्या रुग्णाच्या टीममध्ये सहा जण होते. दोघे सोडून गेले, एक बाळंतपणाच्या रजेवर. उरले तीन. दर तिसरा आठवडा त्याचा.

त्याला सर्वांत जास्त काय खातं, हे मी विचारलं. अलार्म, असं उत्तर येईल वाटलं होतं. तो म्हणाला, ‘दुसऱ्या दिवशीचा कॉल.’ वीसेक माणसं असलेल्या त्या कॉलवर पहिला प्रश्न असतो, ‘हे कोणी केलं?’

इथे मला एक जुना रुग्णालयीन अभ्यास आठवला. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात वॉर्डांमधल्या औषधांच्या चुका मोजल्या. उत्तम टीमच्या वॉर्डांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. नोंदी उलट जास्त निघाल्या. तिथल्या नर्सेस चुका जास्त करत नव्हत्या, त्या उघडपणे सांगत होत्या. पुढे गुगलने आपल्या १८० टीम तपासल्या, तेव्हाही चांगल्या टीमची पहिली खूण हीच निघाली: बोललो तर अंगाशी येणार नाही, हा भरवसा. तो नसला की धास्ती घरी येते आणि अंथरुणात शिरते.

तासांचा हिशेबही सोडून चालत नाही. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये मांडलं. रात्रीचे अलार्म आमचा रुग्ण या तासांत धरतच नव्हता.

एका मोजणीवर रक्तदाबाची गोळी सुरू केली नाही. घरी यंत्र घेऊन सकाळ-संध्याकाळ नोंद करायला सांगितलं. दुपारनंतर कॉफी बंद, पाळीच्या दिवसांत दुपारी वीस मिनिटांची डुलकी, आणि रात्री उठावं लागलं तर सकाळी दुचाकीला हात लावायचा नाही. शिवाय एका वहीत प्रत्येक अलार्म लिहायचा आणि त्यासमोर एकच गोष्ट: उठून खरंच काही करावं लागलं का? आयसीयूत मॉनिटर सारखे विनाकारण वाजत राहिले की नर्सचे कान बधिर होतात. तसंच इथेही असणार, असा माझा अंदाज होता.

तीन आठवड्यांनी तो वही घेऊन आला. निम्म्याहून जास्त अलार्मसमोर ‘काही नाही’ लिहिलेलं. हे पान त्याने मॅनेजरला दाखवलं होतं आणि त्यातले बरेच अलार्म आता सकाळी नऊपर्यंत गप्प ठेवले आहेत. घरच्या नोंदींत रक्तदाबाची सरासरी १३४/८६ आहे. नवी माणसं अजून आलेली नाहीत. पुढची पाळी सोमवारपासून आहे. त्या आठवड्यात तो कंपनीच्या बसने जाणार आहे.