मोबाईलमधल्या पाऊलखुणा आणि गुप्त टोळ्या

धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर वाळूत उमटलेले पाऊल भरतीच्या पाण्याने पुसले जाते. इंटरनेटवरचे पाऊल सहसा पुसले जात नाही. कोण कोणाशी जोडलेला आहे, कोणी कोणाचा मजकूर पुढे पाठवला, याची नोंद राहते. अशा नोंदींवरून अतिरेकी संघटनांचा अभ्यास होतो. 2015 साली अमेरिकेत बर्गर आणि मॉर्गन यांनी ‘इसिस’च्या पाठीराख्यांची ट्विटरवरची खाती मोजली, ती किमान 46,000 भरली. पण खरा गोंगाट त्यातल्या मूठभरांचाच होता! काम उपयोगाचे आहे, हे आम्हीही मानतो.

मात्र जे बोलतच नाहीत, त्यांचे काय? वाचक बंधु-भगिनींनो, आपल्याच जिल्ह्यातले पाहा. डहाणूहून लोकलने मुंबईकडे जाताना विरारनंतर नालासोपारा लागते. ऑगस्ट 2018 मध्ये तेथील एका घरातून दहशतवादविरोधी पथकाने गावठी बॉम्ब जप्त केले आणि धागा थेट डॉ. दाभोलकरांच्या 2013 मधील खुनापर्यंत गेला. गौरी लंकेश यांच्या खुनाचा तपास करणाऱ्या कर्नाटकच्या पथकाच्या म्हणण्यानुसार या टोळीला नावच नव्हते. माणसे एकमेकांना टोपणनावाने ओळखत, मोबाईल टाळून नाणे टाकायच्या फोनवरून बोलत. पोलिसांच्या कामी आल्या त्या सांकेतिक नावांच्या कागदी डायऱ्या. अशांची मोजणी कोणता संगणक करणार? दाभोलकर खटल्यात मे 2024 मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले.

याहून काळजीची गोष्ट म्हणजे पाऊल दुसऱ्याच्या नावाने उमटवताही येते. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या संगणकातील पत्रे मोठा पुरावा म्हणून पुढे आली. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेतील ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ने बचाव पक्षासाठी तपासणी करून सांगितले, की ती पत्रे कोणीतरी बाहेरून संगणकात घुसून ठेवली, ही घुसखोरी 22 महिने चालली होती. तपास यंत्रणेने ते मानले नाही. याच प्रकरणात डॉ. आनंद तेलतुंबडे 14 एप्रिल 2020 रोजी, ऐन भीमजयंतीला, शरण गेले. जामिनावर बाहेर यायला नोव्हेंबर 2022 उजाडला. वृद्ध फादर स्टॅन स्वामी तर जुलै 2021 मध्ये कोठडीत असतानाच वारले.

घरातल्या तरुणांना आपण सांगतो, अनोळखी माणसाने पाठवलेले काही उघडू नका. पण त्या अहवालाप्रमाणे विल्सन यांनी जून 2016 मध्ये उघडलेले पत्र ओळखीच्याच माणसाच्या खात्यावरून आले होते.