यथामिलित पूजा आणि ऋणमुक्त संसार

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की तेरेखोल नदीकाठच्या आमच्या आरोंद्यात घरोघरी भिंतींना रंग चढतो, चाकरमानी मुंबईहून गावची वाट धरतात, आणि गृहिणीच्या मनात मात्र एक मूक हिशेब सुरू होतो : यंदाचा सण कसा निभावणार? पुष्कळ घरी या प्रश्नाचे उत्तर उसनवारीने दिले जाते. गणपती पाण्यात पोहोचतात. कर्ज तेवढे घरात मुक्कामाला राहते. ज्या गजाननाला आपण ऋणहर्ता म्हणून आळवितो, त्याच्याच उत्सवापायी ऋण काढावे, हे त्याला कसे रुचेल?

याचे उत्तर पूजेच्या संकल्पातच आहे. हातावरून पाणी सोडताना ‘यथामिलित’ असा शब्द येतो. जे मिळाले आहे, त्याच उपचारांनी मी पूजा करतो, असा त्याचा अर्थ. आपल्या कोकणची माटवी हे या शब्दाचे सगुण रूप होय. रानातली कांगले आणि तेरडा, परसातले तवसे, घरचा नारळ, सुपारीचा घोस. बाजाराचे त्यात काय आहे? कर्जाची रोषणाई करून तोच संकल्प उच्चारणे म्हणजे देवापुढे बोलणे एक आणि करणे दुसरे.

महाभारताच्या वनपर्वात यक्षाने धर्मराजाला विचारले, सुखी कोण? धर्मराजाने राजवैभवाचे नाव घेतले नाही. साधी भाजी का होईना, जो आपल्या घरी शिजवून खातो, ज्याच्या शिरी ऋण नाही आणि ज्याला परगावी राहावे लागत नाही, तो सुखी, असे तो म्हणाला. घरातला कर्ता पुरुष मुंबईला असणाऱ्या आम्हां कोकणवासीयांना या उत्तराचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको.

पण झालेले ऋण फेडावे कसे? दक्षिण कोकणात आणि गोव्यात श्रीदेवी सातेरीची पूजा वारुळाच्या रूपाने होते. एका प्राचीन सुभाषितकाराने गृहस्थाला दोनच वस्तू पाहावयास सांगितल्या : कणाकणाने सरणारे काजळ आणि कणाकणाने वाढणारे वारूळ. कर्जही असेच वाढते आणि असेच सरते. समजा, ५०,००० रुपये दरमहा शेकडा २ रुपये व्याजाने घेतले. महिन्याचे व्याज १,००० रुपये झाले. तेवढेच भरीत राहिल्यास ३५ महिन्यांत ३५,००० रुपये जातील आणि मुद्दल जसेच्या तसे उभे राहील. दरमहा २,००० भरल्यास त्याच सुमारे ३५ महिन्यांत सर्व कर्ज फिटेल. या दोन संसारांतील अंतर दिवसाला सुमारे ३३ रुपयांचे आहे.

हे ३३ रुपये घराच्या वळणातूनच निघतात. दिवेलागणीला निरांजन लावून झाले की दिवसाचा खर्च वहीत लिहावा आणि ती वही देव्हाऱ्याशेजारी ठेवावी. देवासमोर खोटा आकडा लिहवत नाही. तांदूळ धुण्यापूर्वी एक मूठ बाजूला काढण्याची आजीची रीत पुन्हा सुरू करावी. दुकानातली उधारी बंद करून रोखीने घ्यावे. पैसे मोजताना हात आपोआप आखडतो. परसात अळू, भेंडी, चवळी लावावी. पगार हाती येताच प्रथम हप्ता, मग बाजार, असा क्रम ठेवावा. देणी अनेक असतील, तर सर्वांचे ठरलेले हप्ते न चुकविता, वरचा पैसा अधिक व्याजाच्या देण्यात घालावा. मुख्य म्हणजे पतीने पत्नीपासून कर्ज लपवू नये. मंगळसूत्र गहाण पडल्यावर तिला ते कळावे, यासारखी दुसरी विटंबना नाही.

देहूच्या तुकोबारायांच्या घरी सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळानंतर त्यांनी खतांचे दोन वाटे केले, भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडविले, असे परंपरा सांगते. कीर्तनात हा प्रसंग ऐकताना श्रोत्यांचे डोळे पाणावतात. परंतु प्रत्येक ऋणकोला तुकोबांसारखा धनको भेटत नाही. आपली खते आपणच, थेंबाथेंबाने, बुडवावयाची असतात. आणि शेवटच्या हप्त्यापूर्वी हात सैल सोडू नये. अग्नी, शत्रू आणि ऋण यांचा शेष राखू नये, तो पुन्हा वाढतो, असे शास्त्रकारांनी बजावले आहे.

श्रद्धाळू वाचकहो, यंदा आरास थोडी उणी झाली म्हणून संकोच मानू नका. दूर्वांची एक जुडी आणि घरच्या तांदळाच्या पिठीचे मोदक यांत काही कमी नाही. मंगलमूर्ती आपणां सर्वांस ऋणमुक्त संसाराची सुबुद्धी देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.